फसवीवरची वाट

फाउस्तो घोड्यावरून उतरला तेव्हा सुनिल्दा एका मेंढीला गुडघ्यांत दाबून तिच्या खुरातला काटा काढत बसली होती. आलेल्याकडे तिनं मान वर करून बघितलंही नाही.

“सुनिल्दाबाई, पाहुणा आलाय. घोटभर माते मिळेल का, की मेंढीचं तोंड बघूनच परत जायचं?”

“मेंढीत काय वाईट आहे? ती निदान गप्प बसते.”

फाउस्तो हसला आणि ओंडक्यावर टेकला. गावातल्या पोस्टातून तो निवृत्त झाला होता. आता गावच्या डोंगर क्लबचा तो अध्यक्ष होता. कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगे. पोटानं गोल, बोलायला गोड आणि चिकाटीला गोचिडीसारखा. सुनिल्दाला तो आवडायचा, पण तसं दाखवण्याची तिची पद्धत नव्हती.

काटा निघाला. मेंढी लंगडत पळाली. सुनिल्दानं हात पुसले, चुलीवरची किटली आणली आणि छोट्या भोपळ्यात मातेच्या पाल्यावर गरम पाणी ओतून तो त्याच्या हातात दिला.

“बोला आता. एवढा घाट चढून तुम्ही काही माते प्यायला आला नाहीत.”

फाउस्तोनं नळीतून एक घोट ओढला. “डोंगरात निवारे बांधायचेत, बाई. साधे, लाकडाचे. पाठीवर पिशवी घेऊन हिंडणाऱ्या माणसांसाठी. एका निवाऱ्यातून सकाळी निघालं की दिवस मावळायच्या आत दुसरा यायला पाहिजे. असं करत करत सगळे डोंगर फिरून माणूस परत गावात. मध्ये नीट वाटा, वाटांवर खुणा. निवारा सांभाळायचा तिथल्या तिथल्या घरानं. खालच्या दोन घरांनी होकार दिलाय. या खोऱ्यात तुम्ही. आणि खिंडीपलीकडे...” तो थांबला. भोपळा तिच्याकडे परत देताना त्यानं नजर नदीकडे वळवली.

“खिंडीपलीकडे कोण?”

“तुम्हाला माहीत आहे कोण.”

सुनिल्दानं किटलीतलं पाणी भोपळ्यात ओतलं. जरा सांडलंच. “ती काय म्हणाली?”

“तिनंही हेच विचारलं. ‘ती काय म्हणाली?’ अगदी असंच, कपाळाला आठी घालून. तुम्ही दोघी एका आईच्या पोटच्या, हे कुणी सांगायला नको.”

ओर्फेलिना सुनिल्दाची थोरली बहीण. लग्न होऊन ती खिंडीपलीकडच्या खोऱ्यात रोसामेलच्या घरी गेली, आणि वडील गेल्यावर शेवटच्या वर्षांत आईही तिच्याकडे राहिली, कारण रोसामेलचं घर ऊबदार होतं. एका हिवाळ्यात आई आजारी पडली. सुनिल्दाला बोलवायला रोसामेल खिंड चढून निघाला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच घरी परतला, कान थंडीनं काळेनिळे झालेले. ढग बसला होता, वाट सापडली नाही, म्हणाला. आई गेली. सुनिल्दाला कळलं ते गावाकडून, लांबच्या रस्त्यानं आलेल्या माणसाकडून, आणि ती पोचली तेव्हा थडग्यावरची मातीसुद्धा गोठून गेली होती. आईसाठीच्या प्रार्थनेला गावच्या देवळात सगळे जमले असताना ती रोसामेलला सगळ्यांदेखत म्हणाली, “तू निघालाच नव्हतास. जन्मभर त्या खिंडीतून गुरं नेलीस आणि म्हणे वाट सापडली नाही! चुलीपाशी बसून राहिलास तू.” रोसामेल काही बोलला नाही. ओर्फेलिना बोलली. तेव्हापासून दोघी बहिणी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि या गोष्टीला इतकी वर्षं झाली होती की गावातली तरुण मंडळी त्यांना बहिणी म्हणून ओळखतही नव्हती.

“मी माझ्या खोऱ्यात बांधीन,” सुनिल्दा म्हणाली. “तिनं तिच्या खोऱ्यात काय करायचं ते तिचं ती बघेल.”

तिनं होकार दिला त्याचं कारण फाउस्तोला वाटलं त्याहून निराळं होतं. खोरं रिकामं होत चाललं होतं. शेजारची घरं एकेक करून गावात उतरली, शाळा बंद पडली. इकडं उन्हाळा जानेवारीत; तेव्हा कधीमधी पाठीवर ओझं घेतलेली दोन-तीन पोरं वाट चुकून तिच्या दाराशी येत. ती त्यांना गरम तेलातल्या तळलेल्या पोळ्या खाऊ घाली, सकाळी नदीपर्यंत पोचवून येई. पोरं गेली की घर मोठं वाटायला लागे. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

निवारा उभा राहायला तो सगळा उन्हाळा आणि पुढचा वसंत गेला. जुन्या वणव्यात जळालेली सिप्रेसची झाडं उतारावर तशीच उभी होती, राखाडी, वाळून टणक झालेली. ती पाडून बैलजोडीनं खाली ओढून आणायची. सुट्टीच्या दिवशी क्लबची माणसं गावातून चालत येत. बेकरीवाला, त्याची बायको, दातांचा डॉक्टर, शाळेतल्या दोन बाई. दातांच्या डॉक्टरचा हात ओंडक्यांच्या खाचा करण्यात असा बसला की जोड बघून सुनिल्दानं त्यात सुरीचं पातं घालून पाहिलं. शिरेना. “एवढ्या मनापासून दात काढत असाल तर मी येईन तुमच्याकडे,” ती म्हणाली. तिच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक कुणी ऐकलं नव्हतं.

चुलीच्या धुराड्यावरून मात्र सगळ्यांशी तिचं वाजलं. ते नदीच्या अंगालाच पाहिजे, असा तिचा हट्ट. बेकरीवाला म्हणाला, तिकडून वारा येतो, धूर आत कोंडेल. “माझ्या खोऱ्यातला वारा तुम्ही मला शिकवणार?” पहिल्याच विस्तवाला आतली सगळी माणसं खोकत, डोळे पुसत बाहेर पळाली. सुनिल्दा सगळ्यांत शेवटी बाहेर आली, डोळे लाल, चेहरा निर्विकार. “जरा कोंडतोय,” म्हणाली. धुराडं उतरवून दुसऱ्या बाजूला लावलं गेलं. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि म्हणूनच ही माणसं तिला आपली वाटायला लागली.

मग वाट. सुनिल्दाच्या घरापासून खिंडीपर्यंत बांबूची दाट जाळी आणि त्यावर लेंगाच्या झाडांचं रान. गुरांची जुनी पायवाट होती, ती गुरांबरोबरच बुजली. कोयत्यानं जाळी तोडत, ओल्या जागी फळ्या टाकत, झाडांवर लाल-पिवळे ठिपके रंगवत ती आणि क्लबची माणसं वर सरकत गेली. पलीकडच्या अंगानं ओर्फेलिना आणि रोसामेल तशीच वर येत होती. ती दिसत नसत, पण निवांत दिवशी खिंडीच्या बाजूनं कुऱ्हाडीचा आवाज येई. सुनिल्दा हात थांबवून ऐके आणि मग आपली कुऱ्हाड जरा जोरानं मारी.

खिंड म्हणजे दोन सुळक्यांमधली अरुंद फट असती तर प्रश्नच नव्हता. पण ही खिंड रुंद, उथळ, परातीसारखी. सगळीकडे सारखेच दगडधोंड्यांचे पट्टे, सारख्याच खुरट्या लेंगाच्या झुडपांची बेटं. उघडीप असताना मुलंही ती ओलांडतील. ढग उतरला की मात्र उजवं डावं कळत नाही. जुनी माणसं त्या जागेला फसवी म्हणत.

दोन्ही वाटा फसवीवर येऊन मिळायच्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत. सुनिल्दानं आपली वाट उत्तरेच्या कडेनं आणून दगडांच्या रचलेल्या राशीपाशी संपवली, कारण तिथं झरा होता. ओर्फेलिनानं आपली दक्षिणेच्या कडेनं तशाच दुसऱ्या राशीपर्यंत आणली, कारण तिथं वारा कमी. फाउस्तोनं आधी एकीला विनवलं, मग दुसरीला.

“पाण्याशिवाय माणूस चालेल का?” सुनिल्दा म्हणाली. “तिला म्हणावं, इकडं ये.”

“वाऱ्यात उडून गेल्यावर पाणी कोण पिणार?” खिंडीपलीकडून निरोप आला. “तिला म्हणावं, तू ये.”

शेवटी फाउस्तो स्वच्छ उन्हाच्या दिवशी फसवीवर गेला, एका राशीपाशी उभा राहिला, आणि त्याला दुसरी रास दिसली. “दिसतंय की,” त्यानं स्वतःची समजूत घातली. तशी ती गोष्ट राहून गेली.

लोक येऊ लागले. आधी थोडे, मग दर दिवशी कुणी ना कुणी. भिजलेले मोजे चुलीवर लटकू लागले. बाकांवर पत्ते, कोपऱ्यात गिटार. सुनिल्दा पहाटे ब्रेड भाजी, दुपारी पायाचे फोड बघे आणि संध्याकाळी सगळ्यांना मटणाचा रस्सा वाढताना त्यांच्यावर ओरडे. बूट बाहेर, ओलं लाकूड चुलीत नाही, आणि माझ्या मांजराला चीज घालायचं नाही. माणसं जाताना तिचे गाल चुंबून जात.

क्लबनं प्रत्येक निवाऱ्याला बिनतारी संचही दिला होता. रोज संध्याकाळी फाउस्तो आपल्या स्वयंपाकघरातून हजेरी घेई. किती माणसं आली, किती निघाली, वर हवा कशी आहे. सगळे एकाच लहरीवर, एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू येई. तरी सुनिल्दा म्हणायची,

“फाउस्तो, खिंडीपलीकडच्या बाईंना सांगा, त्यांच्याकडून येणारी माणसं माझ्याकडे भुकेनं कळवळत येतात. सकाळी नुसतं पाणी पाजून हाकलतात की काय?”

“ओर्फेलिनाबाई, ऐकलंत ना?”

“मला काही ऐकू आलं नाही,” ओर्फेलिनाचा आवाज येई. “तुम्ही सांगा.”

मग बिचाऱ्या फाउस्तोला सगळं वाक्य पुन्हा म्हणावं लागे.

“असं म्हणतात का त्या! मग त्यांना सांगा, आमच्याकडे माणसं ताट चाटूनपुसून निघतात. पण त्यांनी उतार असा काढलाय की पोटातलं सगळं टाचांत जातं.”

गावातही ज्यांच्याकडे संच होता ते कामधाम सोडून ही हजेरी ऐकायला बसत. सुनिल्दाला ते ठाऊक नव्हतं. आणि गावाला हे ठाऊक नव्हतं, की हजेरी संपल्यावरही ती संच लगेच बंद करत नसे. ओर्फेलिना शेजारच्या निवाऱ्याशी सफरचंदांबद्दल, गाईच्या आचळांबद्दल बोलत राही आणि सुनिल्दा हातातलं विणकाम थांबवून ऐके. एकदा तो आवाज बसलेला वाटला, तेव्हा दुसऱ्या दिवशी पलीकडून आलेल्या मुलीला तिनं भांडी घासता घासता विचारलं, “तिकडच्या बाई खोकत होत्या का गं?”

“थोड्या. त्यांनीही तुमच्याबद्दल विचारलं. तुम्ही अजून खिडकी उघडी टाकून झोपता का म्हणून.”

“तिला काय करायचंय!” सुनिल्दा म्हणाली, आणि ताटली दोनदा घासली.

फेब्रुवारीच्या शेवटाला, उन्हाळा सरत असताना, एका दुपारी आभाळ पश्चिमेकडून भरून आलं. आधी वारा, मग पाऊस, आणि खिंडीवर पांढरा ढग झाकणासारखा बसला. सुनिल्दा आवारातलं लाकूड आत आणत होती, तेवढ्यात संच खरखरला. हजेरीची वेळ झाली नव्हती.

“सुनि,” आवाज आला. “सुनि, ऐकतेस का?”

सुनिल्दाच्या हातातली लाकडं तशीच राहिली. या नावानं तिला हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

“सुनि, सकाळी माझ्याकडून दोघं निघालीत. रोसारियो शहरातलं जोडपं, उगो आणि नोएमी. वयस्कर आहेत, सावकाश चालतात. तुझ्याकडे पोचली का?”

तिनं बटण दाबलं. “नाही.”

“मी निघते,” सुनिल्दा म्हणाली.

“मी पण. रोसामेलची कंबर धरलीय, तो संचाशी बसेल.” आणि मग, “जाड पोंचो घे. तो पातळ घालून येऊ नकोस.”

मध्येच फाउस्तोचा आवाज आला, “गावातून माणसं पाठवतोय...” पण दोघींपैकी कुणी थांबून ऐकलं नाही.

आपली वाट सुनिल्दा डोळे मिटून चढली असती. जाळीतून वर, लेंगाच्या रानातून वर, शेवटच्या ठिपक्यापर्यंत. तिथं झाडं संपली आणि ढग सुरू झाला. राशीपाशी उभं राहून तिनं हाका मारल्या. वाऱ्यानं त्या तोंडातच परत कोंबल्या. इथून पुढं खुणा नव्हत्या. तिनं स्वतःच केल्या नव्हत्या. पलीकडची रास कुठं असेल याचा अंदाज बांधून ती निघाली.

झुडपांचं एक बेट, दगडांचा पट्टा, पुन्हा बेट. सरळ चाललोय असं तिला वाटत होतं. मग चिखलात एक ठसा दिसला, बुटाच्या टाचेचा, एका बाजूनं झिजलेला. तिला आनंद झाला. दोघांपैकी कुणीतरी इथून गेलंय! ती वाकली, नीट बघितलं, आणि सावकाश सरळ झाली. टाच तिचीच होती.

याच डोंगरात ती जन्मली होती. तिनं डावीकडे वळून पाहिलं, मग उजवीकडे. सगळं सारखं पांढरं. आणि त्या पांढऱ्यातच तिला रोसामेल दिसला. हिवाळ्यातला, कमरेइतक्या बर्फातला. इथंच, असाच गोल गोल फिरणारा.

“अगं बाई,” ती मोठ्यानं म्हणाली.

पुढं ती उताराच्या ओढीनं चालत राहिली, पाय नेतील तिकडं, आणि फसवीच्या मधल्या खोलगट जागी एका आडव्या वाढलेल्या लेंगाच्या झाडाखाली तिला पिवळा रेनकोट दिसला. उगो आणि नोएमी एकमेकांना बिलगून बसली होती. उगोचा घोटा सुजला होता.

“दुसरी खूण सापडेचना,” नोएमीचे दात वाजत होते. “शोधलं, शोधलं, आणि पुन्हा पुन्हा इथंच येत राहिलो. तुम्हाला वाट माहीत आहे ना?”

“म्हणजे काय!” सुनिल्दानं ठोकून दिलं. तिनं डोक्यातून घातलेला आपला लोकरी पोंचो काढून नोएमीच्या अंगावर टाकला, पिशवीतला ब्रेड दोघांना दिला आणि उगोच्या घोट्याला फडकं आवळून बांधलं. हाताला काम होतं तोवर ठीक होतं. ते संपलं आणि आता कुठल्या दिशेनं उठायचं हे तिला कळेना.

तेवढ्यात ढगातून आवाज आला. लांबलचक, शेवटी वर चढणारा, गाईंना घरी बोलवायचा. त्यांची आई तशी हाक घालायची. दोन्ही बहिणी तशीच घालत, आणि साऱ्या डोंगरात दुसरं कुणी तसं घालत नसे.

सुनिल्दानं दोन्ही हात तोंडाशी नेऊन तसंच उत्तर दिलं. हाक जवळ आली, चुकून जरा लांब गेली, पुन्हा जवळ आली. मग ढगातून एक ठेंगणी आकृती बाहेर पडली, पोंचोतून पाणी निथळतंय, हातात लाल लोकरीचा गुंडा.

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या.

“पातळच घालून आलीस,” ओर्फेलिना म्हणाली.

“जाड त्यांना दिला.”

“म्हातारी झालीस गं.”

“तू आधी झालीस. थोरली आहेस.”

ओर्फेलिनानं येताना झुडपाझुडपाला लोकरीचा तुकडा बांधला होता. त्या लाल तुकड्यांमागून चौघं निघाली, उगोला मधे धरून. त्यामुळं परतणं खिंडीपलीकडेच होणार होतं. थोरलीच्या वाटेवर सुनिल्दाचा पाय पहिल्यांदाच पडत होता. पाणी काढून द्यायला दगडी चर, वळणावर हात धरायला खांब, पायरीला पायरी. तिनं काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तिसऱ्या वळणावर तिच्या तोंडून निघूनच गेलं, “वाट बरी केलीय.”

“रोसामेलनं केलीय.”

सुनिल्दानं उगोचा हात आपल्या खांद्यावर नीट घेतला. मग पुढं बघतच म्हणाली, “मी हरवले होते वर. तिथं या दोघांना धीर द्यायचा होता म्हणून बोलले नाही. माझ्याच पावलांवर परत आले.”

ओर्फेलिना थांबली नाही, पण तिनं चाल कमी केली.

“त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत फिरत होता, सुनि, रात्रही वरच काढली. आला तेव्हा बोलता येत नव्हतं त्याला. आणि तू देवळात...”

“माहीत आहे मी काय म्हणाले.”

निवाऱ्याच्या दाराशी रोसामेल उभा होता, काठीवर रेलून. उन्हाळ्यातला लांब दिवस, ढगाखालून तिरका उजेड अजून येत होता आणि त्यात त्याचे कान दिसत होते, कडा झडलेले. ओर्फेलिना जोडप्याला घेऊन आत चुलीपाशी गेली. सुनिल्दा बाहेरच थांबली.

“रोसामेल, मी तुला सगळ्यांदेखत खोटारडा ठरवलं. तू खरं बोलत होतास.”

रोसामेलनं काठी या हातातून त्या हातात घेतली. माणूस मुळातच अबोल. “तुझी आई गेली होती,” तो म्हणाला. “माणूस बोलतं असं.”

“म्हणून काय झालं! सगळ्यांदेखत बोलले, तर सगळ्यांदेखत मागे घेईन.”

“नको, नको,” तो घाबरून म्हणाला. “पुन्हा सगळे बघतील माझ्याकडे. आत ये, भिजलीयस.”

पण सुनिल्दानं ऐकलं नाही. आत जाऊन तिनं संच हातात घेतला, फाउस्तोला दोघं सुखरूप असल्याचं सांगितलं, आणि मग त्याच दमात, साऱ्या निवाऱ्यांना आणि गावाला ऐकू जाईल असं, रोसामेलबद्दल जे बोलायचं होतं ते बोलली. रोसामेल लाकडं आणायला म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. फाउस्तोच्या बाजूनं कुणीतरी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

सकाळी उघडीप होती. बहिणी दोघी आईच्या थडग्यावर गेल्या. भोवती लाकडी कुंपण होतं, नुकतंच पांढरं रंगवलेलं. सुनिल्दानं गवत उपटलं. उपटण्याजोगं फारसं नव्हतंच, तरी तिनं उपटलं. ओर्फेलिना शेजारी बसून राहिली.

वाट जोडायची कुठून, यावरून त्याच दुपारी फसवीवर दोघींचं पुन्हा जुंपलं, आता समोरासमोर. पाणी की वारा. फाउस्तो गावातल्या माणसांबरोबर वर आला होता, तो दगडावर बसून चीज खात दोघींचं ऐकत होता. इतका समाधानी चेहरा त्याचा कुणी पाहिला नव्हता.

“नाणं उडवू का?” त्यानं विचारलं.

“तुम्ही गप्प बसा,” दोघी एकदम म्हणाल्या.

सुनिल्दा बोलता बोलता थांबली. ती खाली खोलगट जागेकडे, त्या आडव्या झाडाकडे बघत होती. “रोसामेल, त्या हिवाळ्यात तू शेवटी कुठं बसलास?”

घोड्यावर बसून आलेल्या रोसामेलनं काठीनं दाखवलं. तेच लेंगाचं झाड.

“बघ,” सुनिल्दा बहिणीला म्हणाली. “तो तिथं आला. ती दोघं तिथंच आली. मी तिथं आले. हरवलेला माणूस उताराच्या ओढीनं तिथंच येतो. मग वाट तिथूनच न्यायची. आणि नुसती वाट कशाला? तिथं चार भिंती उभ्या करू. छोट्या. माणूस आला तर त्याला बसायला.”

ओर्फेलिनानं खोलगटाकडे पाहिलं. झरा तिथून दूर नव्हता आणि कड्याच्या आडोशानं वाराही कमी होता. हे तिला दिसलं, सुनिल्दालाही दिसलं, पण दोघींनी मुद्दा जिंकल्याची फुशारकी मारली नाही.

“धुराडं मात्र मी सांगीन त्या बाजूला,” ओर्फेलिना म्हणाली. “तुझं काय झालं ते ऐकलंय मी.”

ती छोटी इमारत पुढच्या उन्हाळ्यात उभी राहिली. ओंडके दोन्ही खोऱ्यांतून वर चढले, पत्रे घोड्यांवरून आले, दातांच्या डॉक्टरनं खाचा केल्या. दोन वाटांमधला तुकडा दोघींनी मिळून रंगवला, प्रत्येक ठिपका मागच्या ठिपक्यावरून दिसतो की नाही हे वाकून, मागं सरून, भांडून बघत. शरद लागला तेव्हा छप्पर बसलं होतं आणि दार राहिलं होतं. दार खाली रोसामेलच्या अंगणात तयार पडलं होतं, पण घोड्यावर ते आडवंही बसेना आणि उभंही.

शेवटचे पत्रे ठोकायच्या दुपारी बर्फाचा पाऊस सुरू झाला. सुनिल्दा छपरावर होती, ओर्फेलिना खालून खिळे देत होती. ठिपक्यांमागून तीन मुली आल्या, नाकं लाल, पाठीवरची ओझी भिजलेली. नव्या लाकडाच्या त्या खोलीसमोर थबकल्या. त्यांतली एक भीत भीत म्हणाली,

“काकू, हे अजून बंद आहे का?”

“बंद?” ओर्फेलिनानं तोंडातले खिळे काढले. “अगं पोरी, दारच नाही. बंद कसं असेल?”

सुनिल्दा छपरावरून हसत सुटली. मग खाली उतरली, आपला जाड पोंचो काढला आणि दाराच्या चौकटीत दोन खिळ्यांवर टांगला. मुली त्याखालून वाकून आत शिरल्या. आत ओर्फेलिना चूल पेटवत होती. धूर सरळ वर गेला.